लस टोचून घरी आलात : पुढचे दोन दिवस कसे काढायचे

माझी मोठी मुलगी दीड महिन्याची होती आणि मी आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरीच, पारोळा तालुक्यात. सकाळी अकराच्या सुमारास अंगणवाडीत तिला दीड महिन्याचा डोस दिला. संध्याकाळी अंग तापलं. माझी माय म्हणाली, "बाळले ताप उना व, झाक तिले," आणि खिडकी लावून, पंखा बंद करून तिला दोन गोधड्यांत गुंडाळलं. बाहेर आखाजीचा उन्हाळा, वर पत्रा. नऊ वाजता आशाताईंना बोलावलं, तेव्हा पोरीच्या मानेखालचे केस घामाने चिकटलेले, गोधडीची कड ओली आणि थर्मामीटरवर १०२.४. ताईंनी काही न बोलता आधी गोधड्या काढल्या, मग विचारलं, "टोचलं किती वाजता? ताप कधीपासून? औषध किती दिलं, कधी दिलं?" एकाचंही उत्तर मला नीट देता आलं नाही.

ताप साधा होता. अंग मोकळं केलं, अंगावर घेतलं, औषधाचं माप नीट दिलं आणि तासाभरात तो १०० च्या आसपास आला. पण ती रात्र आम्ही सगळ्यांनी रडत काढली. धाकट्याच्या वेळी तसं होऊ दिलं नाही. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक नव्या आईला मी हेच सांगते, की बाळाच्या कपाळाला हात लावण्याआधी घड्याळ बघा. लसीनंतर जे काही होतं त्याची वेळ ठरलेली असते. ती वेळ माहीत असली की काय घरी सांभाळायचं आणि कशासाठी दवाखाना गाठायचा, हे बरंचसं आपोआप कळतं.

१. जाण्याआधीची तयारी

आदल्या दिवशीच एका पिशवीत हे भरून ठेवा:

- माता व बाल संरक्षण कार्ड (आपण ज्याला लसीकरणाचं कार्ड म्हणतो ते)
- आईचं आधार कार्ड आणि नोंदणीला दिलेल्या नंबरचा मोबाइल
- दोन लंगोट, एक सुती दुपटं, एक स्वच्छ मऊ फडकं
- पेन

घरी आधीपासून असायला हवं ते म्हणजे डिजिटल थर्मामीटर आणि पॅरासिटामॉलचं औषध. थर्मामीटर कुठल्याही मेडिकलवर मिळतो. तो नसेल तर बाकीचं सगळं अंदाजावर चालतं, म्हणून एक वेळ खेळणं नका घेऊ, पण हा घ्या. औषध मात्र डोसच्या आधी पाजून नेऊ नका. "आधीच थेंब दिले की ताप येणारच नाही" असं शेजारीपाजारी सांगतात. ताप आला तरच द्यायचं.

बाळाला सैल, पुढून उघडणारं झबलं घाला. दीड महिन्याच्या डोसला तीन टोचण्या असतात. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), उजव्या मांडीत न्यूमोनियाची पीसीव्ही आणि उजव्या दंडात पोलिओची छोटी सुई. शिवाय तोंडाने पोलिओचे दोन थेंब आणि रोटाव्हायरसचा (जुलाबाच्या आजारावरच्या लसीचा) डोस. घरातल्या मोठ्यांना हे आधीच सांगून ठेवा. तीन सुया एकदम पाहून आजीचा जीव कासावीस होतो आणि तिथेच "एकच द्या, बाकीच्या पुढच्या वेळी" अशी घासाघीस सुरू होते. एकाच दिवशी दिल्याने धोका वाढत नाही. उलट तीन वेगळ्या दिवशी टोचलं तर बाळ तीनदा रडेल.

नाक गळतंय, थोडा खोकला आहे म्हणून डोस टाळू नका. पण आधीच्या डोसनंतर झटका आला असेल, बाळ गळून पडलं असेल, अंगावर गांधी उठून सूज आली असेल, किंवा आज सकाळीच चांगला ताप असेल, तर सुई हातात घेण्याआधी सिस्टरना सांगा. टोचून झाल्यावर सांगून उपयोग नाही.

२. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा

गर्दी असते, ऊन चढत असतं, बाहेर मोटरसायकल सुरू करून नवरा हाका मारत असतो. तरीही तीस मिनिटं बसा. जोराची ॲलर्जी अगदी क्वचित येते, पण येते तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच. अंगावर गांधी, ओठ-डोळ्यांना सूज, श्वासाला घरघर, बाळ एकदम पांढरं पडणं. त्यावरचं इंजेक्शन सत्राच्या ठिकाणी सिस्टरकडे असतं. घरी पोचल्यावर ते तुमच्याकडे नसतं.

या अर्ध्या तासात बाळाला अंगावर घ्या. पोलिओच्या थेंबांनंतर दूध द्यायचं नाही, असं अजूनही अनेक जणी मानतात. तसं काही नाही. छातीशी धरून पाजणं हाच बाळाला दुखणं विसरायला लावणारा सगळ्यात सोपा उपाय. थेंब लगेच उलटून पडले तर तिथेच सिस्टरना सांगा, पुन्हा द्यायचे की नाही ते त्या ठरवतील.

आणि उठण्याआधी चार गोष्टी विचारूनच निघा. आज कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख कोणती, आणि तापाचं औषध माझ्या बाळाला नेमकं किती मिली. शेवटचं उत्तर कार्डाच्या मागे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. आज बाळाचं वजन केलेलं असतं आणि माप वजनावरच ठरतं.

३. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहा

घरी आल्यावर पहिलं काम हे. त्या तारखेच्या चौकोनात लिहा, "११.१० ला टोचलं. डावी मांडी, उजवी मांडी, उजवा दंड." मग ताप मोजाल तेव्हा वेळ आणि आकडा. औषध द्याल तेव्हा वेळ आणि मिली. वही नको, ती सापडत नाही. मोबाइल नको, तो वडिलांबरोबर शेतात जातो. कॅलेंडर घरातल्या सगळ्यांना दिसतं आणि रात्री दोन वाजता झोपेतून उठलेल्या आजीलाही कळतं की औषध बाराला दिलेलं आहे. एकाच औषधाचा डोस आईने एकदा आणि आजीने एकदा, असा दोनदा दिला जाणं ही घरोघरी होणारी चूक आहे.

४. ताप

पेंटाव्हॅलंटनंतर ताप येणं अगदी नेहमीचं आहे. बहुधा टोचल्यापासून काही तासांत चढतो, पहिल्या रात्री सगळ्यात जास्त असतो आणि दोन दिवसांत उतरतो. शरीर लस ओळखून कामाला लागलं, त्याची ती खूण. ताप आला नाही तर लस वाया गेली असंही नाही. काही बाळांना येतो, काहींना नाही. माझ्या मुलीला तीनही डोसला आला, मुलाला फक्त पहिल्याला. खाजगी दवाखान्यात मिळणाऱ्या, ज्याला लोक "न दुखणारी लस" म्हणतात, त्या लसीने ताप कमी येतो हे खरं आहे. पण सरकारी लसीने ताप येतो म्हणून ती हलकी, हा समज चुकीचा.

मोजायचा कसा? काख कोरडी करा, थर्मामीटरचं टोक काखेच्या मधोमध ठेवा, हात अंगाशी दाबून धरा, बीप वाजेपर्यंत. उन्हातून आल्या आल्या किंवा गोधडीतून काढल्या काढल्या मोजू नका, आधी दहा-पंधरा मिनिटं सावलीत मोकळं ठेवा. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या खोलीत गुंडाळलेलं बाळ लसीशिवायही तापतं. काखेत ९९.५ च्या वर गेलं तर ताप समजा.

मग असं करा:

पंखा चालू ठेवा, वारा थेट तोंडावर नको. कूलर असेल तर खोलीत असू द्या, बाळाच्या समोर नको. अंगावर एकच पातळ सुती झबलं. टोपी, मोजे, स्वेटर सगळं काढा. हिवाळ्यात, धुळ्या-नंदुरबारकडे जेव्हा पहाटे चांगली थंडी असते, तेव्हा एक पातळ दुपटं पुरे. ताप घाम काढून उतरवायचा असतो हे मोठ्या माणसांचं शास्त्र बाळाला लावू नका. एवढ्याशा जिवाला झाकलं की आतली उष्णता आतच कोंडते.

अंग पुसायचं असेल तर कोमट पाण्याने. कपाळ, मान, काखा, जांघा. माठातलं गार पाणी किंवा बर्फ नको, त्याने बाळ कुडकुडतं आणि ताप आणखी चढतो. कांद्याचा रस तळपायाला चोळणं, व्हिनेगरच्या पट्ट्या, कोलन वॉटर यातलं काही लागत नाही.

दूध पुन्हा पुन्हा द्या. तापात बाळ एका वेळी कमी पितं, म्हणून दर वेळी थोडं थोडं, पण जास्त वेळा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, उन्हाळ्यातही नको. घुटी, मध, ग्राइप वॉटर, साखरपाणी काही नको. आईच्या दुधात पाणी असतंच. त्याऐवजी आईनेच तांब्याभर पाणी जवळ ठेवून पीत राहावं.

५. औषधाची बाटली : सगळ्यात मोठी चूक इथे होते

त्या रात्री आमच्या घरी काय झालं होतं ते सांगते. सिस्टरनी सिरपचं माप सांगितलं होतं, साधारण दोन मिली. घरचे मेडिकलवर गेले, "लहान बाळाचं तापाचं औषध द्या" म्हणाले आणि मिळालं ते ड्रॉप्स. दोन्हीवर पॅरासिटामॉलच लिहिलेलं. आशाताईंनी बाटली दिव्यासमोर धरून वाचली नसती तर मी त्यातलेच दोन मिली पाजणार होते.

फरक समजून घ्या. बाळांच्या ड्रॉप्समध्ये साधारणपणे १ मिलीत १०० मिलीग्रॅम औषध असतं. नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिलीग्रॅम, म्हणजे १ मिलीत फक्त २४. आणखी एक जास्त ताकदीचं सिरप येतं, ५ मिलीत २५० मिलीग्रॅमचं. ड्रॉप्सचे दोन मिली म्हणजे सिरपच्या दोन मिलीच्या चौपटीहून जास्त औषध. एवढं औषध बाळाच्या यकृताला घातक ठरू शकतं.

औषधाचं माप एका वेळी दर किलो वजनाला १० ते १५ मिलीग्रॅम असं धरतात. साडेचार किलोच्या बाळाला साधारण ४५ ते ६५ मिलीग्रॅम, म्हणजे ड्रॉप्स असतील तर अर्धा मिली, १२० चं सिरप असेल तर सुमारे दोन मिली. हे उदाहरण हिशोब कळावा म्हणून दिलं आहे. तुमच्या बाळाचं माप कार्डामागे लिहून आणलेलंच वापरा, आणि बाटली बदलली तर माप पुन्हा विचारा.

- बाटलीबरोबर आलेल्या ड्रॉपरने किंवा सुई नसलेल्या सिरिंजनेच मोजा. घरातला चमचा नको, एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीत नको.
- दोन वेळांत किमान चार ते सहा तासांचं अंतर ठेवा. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा कधीच नाही.
- बाळ दोन-तीन महिन्यांचंच असेल आणि दोनदा औषध देऊनही ताप परत येत असेल, तर तिसऱ्यांदा देण्याआधी डॉक्टरांना दाखवा.
- ॲस्पिरिन नको. सहा महिन्यांच्या आत आयबुप्रोफेन नको. निमेसुलाइड भारतात बारा वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंद आहे, तरी मोठ्यांची गोळी चुरून देणारे लोक भेटतात. देऊ देऊ नका.
- तापासाठी अँटिबायोटिक लागत नाही. घरात मागच्या वेळचं उरलेलं असेल ते उघडूही नका.

बाळ पाजलेलं औषध लगेच ओकलं तर घाईने पुन्हा भरून देऊ नका, आशाताईंना किंवा सिस्टरना फोन करून विचारा. आणि गाढ झोपलेल्या बाळाला केवळ वेळ झाली म्हणून उठवून औषध पाजायची गरज नाही. ताप उतरला असेल तर औषध थांबवा.

६. टोचलेली जागा

मांडी लाल होते, थोडी सुजते, हात लावला की बाळ किंचाळतं. लंगोट बदलताना तर जास्तच. एक-दोन दिवस पाय कमी हलवतं, पाय "लुळा पडला" असं वाटतं. दुखतं म्हणून ते पाय राखतं, एवढंच. स्वच्छ फडकं साध्या गार पाण्यात बुडवून, पिळून, दहा मिनिटं त्या जागेवर ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट लावू नका.

मालिश करणारी मावशी येत असेल तर तिला आधीच सांगा की दोन्ही मांड्या आणि दंड दोन-तीन दिवस सोडायचे. हे सांगायला जीभ अडखळते, कारण मावशी वयाने मोठी असते आणि तिच्या हाताखालून अख्खं गाव गेलेलं असतं. तरी सांगा. चोळल्याने सूज वाढते. आंघोळ त्याच दिवशी घातली तरी चालते, फक्त जागा घासायची नाही.

तव्यावर फडकं गरम करून शेक देऊ नका. हळद-चुना, तंबाखूचं पान, तेल, पावडर, काहीच लावू नका. बिब्बा तर मुळीच नाही. बिब्ब्याने बाळाची कातडी भाजते आणि मग लसीची सूज बाजूला राहून त्या जखमेसाठी दवाखाना करावा लागतो.

सूज उतरल्यावर कधी कधी हरभऱ्याच्या दाण्याएवढी टणक गाठ राहते. मुलाच्या डाव्या मांडीत अशी गाठ जवळजवळ महिनाभर होती. कपडे घालताना बोटाला लागायची, त्याला मात्र त्याचं काहीच नव्हतं. दुखत नसेल आणि वाढत नसेल तर तिला हात लावू नका, आपोआप विरते. ती मोठी होत गेली, लाल-गरम झाली, मऊ पडून पू दिसला किंवा दोन दिवसांनंतरही लाली पसरत राहिली, तर दाखवा. घरी फोडू नका.

७. रडणं, झोप, झोळी

पहिल्या संध्याकाळी बाळ नेहमीपेक्षा जास्त रडतं. कडेवर घेतलं, पाजलं, फिरवलं की थोडं थांबतं, पुन्हा सुरू करतं. हे चालायचंच. पण काही केल्या न थांबणारं, वेगळ्याच उंच पट्टीतलं रडणं तीन तासांहून जास्त चाललं, तर वाट बघत बसू नका. म्हणूनच रडणं सुरू झाल्याची वेळसुद्धा कॅलेंडरवर लिहायची.

बाळ जास्त झोपलं तरी घाबरू नका, पण दर दोन-तीन तासांनी दुधासाठी जागं होतंय ना, हलवल्यावर डोळे उघडून अंग आवळतंय ना, हे बघा. पहिल्या दोन रात्री त्याला झोळीत झोपवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. झोळीत बाळाचा चेहरा दिसत नाही, रंग दिसत नाही, कापडात हवाही खेळत नाही. आईच्या हाताच्या अंतरावर, सपाट अंथरुणावर, पाठीवर झोपवा. घरातल्यांनी आळीपाळीने जागावं. वडिलांनीही. दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला जायचं असेल तर पहिला निम्मा वेळ त्यांनी घ्यावा, पहाट आईने.

८. उशिरा येणाऱ्या गोष्टी

सगळं काही दोन दिवसांतच होत नाही.

जन्मल्यावर डाव्या दंडात टोचलेली बीसीजी (क्षयरोगावरची लस) आठवते? तिथे दोन ते चार आठवड्यांनी लाल पुळी येते, मग तिच्यात पिवळसर पाणी दिसतं, फुटते, खपली धरते आणि शेवटी बारीक व्रण राहतो. नेमका याच सुमारास दीड महिन्याचा डोस येतो, आणि घरचे समजतात की नव्या सुईने हात पिकला. तसं नाही, ती जुनी बीसीजी आहे. कोरडी ठेवा, दाबू नका, मलम-पट्टी काही करू नका. काखेत मोठी गाठ आली किंवा जखम महिनोन्‌महिने भरेना, तर दाखवा. व्रण उठलाच नाही तरी पुन्हा टोचून घेण्याची गरज नसते.

नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस वेगळी वागते. त्या दिवशी बाळ खेळतं, आठवड्याभराने, साधारण सातव्या ते बाराव्या दिवसात, ताप येतो आणि अंगावर बारीक लालसर पुरळ उठतं. तोपर्यंत लस टोचल्याचं घरात कुणाच्या डोक्यातही नसतं. मग कुणी म्हणतं गोवर आला, कुणी म्हणतं अंगात देवी आली, आणि बाळाला अंधाऱ्या खोलीत ठेवून कडुनिंबाच्या डहाळ्या लावतात. हे पुरळ दोन-तीन दिवसांत जातं आणि इतर मुलांना लागत नाही. म्हणून नऊ महिन्यांचा डोस झाला की कॅलेंडरवर सातव्या आणि बाराव्या दिवशी आताच खूण करून ठेवा. त्या दिवसांत बाळ दूध-जेवण घेत नसेल, ताप दोन दिवसांनंतरही असेल किंवा १०२ च्या वर जात असेल, तर मात्र दवाखाना.

रोटाव्हायरसच्या डोसनंतर एखाद-दोन दिवस शी पातळ होते, बाळ कुरकुरतं. क्वचित, फार क्वचित, आतड्यात आतडं अडकण्याचा प्रकार होतो, बहुधा पहिल्या आठवड्यात. बाळ थांबून थांबून पाय पोटाशी ओढत कळवळतं, ओकतं, शीमध्ये लालसर चिकट रक्त दिसतं. याला घरगुती औषध नाही. त्याच तासाला मोठा दवाखाना.

९. यापैकी काही दिसलं तर घरी थांबू नका

- अंगावर गांधी, तोंड-ओठांना सूज, श्वासाला त्रास, छाती आत ओढली जाणं
- बाळ पांढरं किंवा निळसर पडणं, अंग सैल, हाकेला-स्पर्शाला प्रतिसाद नाही
- झटका
- दूध ओढायचंच बंद करणं, प्रत्येक वेळी ओकणं
- सहा-आठ तास लघवी नाही, टाळू खोल गेलेली
- तीन तासांहून जास्त सलग, न थांबणारं रडणं
- ताप १०२ च्या वर, किंवा दोन दिवसांनंतरही टिकलेला, किंवा उतरून तिसऱ्या दिवशी नव्याने आलेला

शेवटच्या मुद्द्याकडे नीट बघा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला लसीच्या अठ्ठेचाळीस तासांनंतर १००.४ चा ताप असेल तर तो लसीच्या नावावर घालू नका. त्यामागे दुसरा आजार असू शकतो आणि एवढ्या लहान बाळात तो झपाट्याने वाढतो. "इंजेक्शनचाच असेल" म्हणत चार दिवस घरी ठेवलेली बाळं मी पाहिली आहेत. घड्याळाचा खरा उपयोग इथे होतो.

झटका आला तर बाळाला सपाट जागी कुशीवर वळवा, कपडे सैल करा, तोंडात बोट, चमचा, पाणी काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवू नका. सुरू झाल्याची वेळ बघा आणि १०८ ला फोन करा. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात नेण्यासाठी १०२ ची गाडी मोफत मिळते. १०८ आणि आशाताईंचा नंबर आजच कॅलेंडरच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर, जिथे रेंज टेकडीवर गेल्याशिवाय येत नाही, तिथे डोसच्या दिवशीच ठरवून ठेवा की रात्री वेळ आली तर कुणाची गाडी, आणि फोन करायला कोण वर जाईल.

दवाखान्यात जाताना कार्ड, औषधाची बाटली आणि कॅलेंडरचं ते पान बरोबर न्या. पान फाडावं लागलं तरी फाडा. डॉक्टर जे पहिले चार प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं त्यावर असतात.

१०. झालेला त्रास कळवा, आणि पुढची तारीख पाळा

साधा ताप असो की मोठा त्रास, आशाताईंना सांगा. गंभीर त्रासाची नोंद वर पाठवणं हे आरोग्य यंत्रणेचं ठरलेलं काम आहे आणि ते तुमच्या सांगण्यापासून सुरू होतं. तक्रार केली असं कुणी मानत नाही.

मुलीच्या त्या रात्रीनंतर मी अडीच महिन्यांचा डोस तब्बल पाच आठवडे पुढे ढकलला. भीती होती, दुसरं काही नाही. सिस्टर घरी आल्या, जुना डोस मोजून म्हणाल्या की पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही, जिथे थांबलो तिथून पुढे. तुमचंही राहिलं असेल तर तसंच आहे, उशीर झाला म्हणून तोंड लपवू नका, सरळ पुढच्या सत्राला जा. फक्त आधीच्या डोसनंतर झटका, बेशुद्धी किंवा मोठी ॲलर्जी झाली असेल तर पुढची लस कोणती आणि कुठे द्यायची ते डॉक्टर ठरवतील. साधा ताप, सूज, रडणं यासाठी डोस थांबत नाही.

आणि जे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा कामाला गुजरातेत जातात त्यांच्यासाठी. निघण्याआधी आशाताईंना सांगा, पुढचे डोस कोणत्या तारखांना आहेत ते लिहून घ्या. डोस कुठल्याही सरकारी केंद्रात मोफत मिळतो, परराज्यातही. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या अंगावरच्या पाकिटात ठेवा, ट्रॅक्टरवर टाकलेल्या गाठोड्यात नको. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो घरी राहणाऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमध्येही असू द्या, आणि थर्मामीटर त्याच पाकिटात.